विचारा की! : निस्ती बटणं दाबणारा कलाकार असतो का?

मागच्या अंकात गाण्याबजावण्याबद्दल काहीपण विचारा म्हणलं होतं, तर निम्म्याहून जास्त मेसेज एआयवरच आले. काही रागानं लिहिलेले, काही घाबरून, आणि एक तर चक्क एआयकडूनच लिहून घेतलेला (कळतं बरं का, शेजारच्या पोरानं होमवर्क करून दिल्यावर बाईंना कळतं तसं). त्यातले सहा घेतलेत. नावं छापत नाही, गावं छापतो.

जालना : मी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ नावाच्या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक बनवतो. लग्नसराईत डीजेवाल्यांना रिमिक्स करून देतो, बाकी वेळ माझं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक. माझे बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ते म्हणतात, हात दुखत नाहीत ती कला कसली, तू निस्ती बटणं दाबायलास. आता एआय आल्यापासून तर रोज म्हणायलेत, बघ, तुझं बटणपण दुसरंच कोणीतरी दाबायलंय. त्यांना काय सांगू?

भावा, आधी बाबांच्या बाजूनं बोलतो कारण त्यांचं म्हणणं एकदम टाकाऊ नाहीये. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना त्यांना कधी बघितलंय का नीट? पावसाळी हवा असली की वेगळी, मंडपात लाइटची गरमी असली की वेगळी, थापटून बघायची, चिमूटभर काढायची, परत थापटायची, गड्डे ठोकायचे, आणि हे सगळं होईपर्यंत विणेकरी ताटकळत उभा. यात हात दुखतात ते खरंच, पण कला हात दुखण्यात नाहीये, ती त्या चिमूटभर काढण्यात आहे. "हे नको, अजून थोडं कमी" असं कानानं म्हणणं आणि तिथंच थांबायचं कळणं. आता तू किक ड्रमचे पन्नास आवाज ऐकून एक ठेवतोस, मग त्याचा खालचा बुंग आवाज कापतोस, मग हायहॅट, म्हणजे झांजेचा तो चिकचिक आवाज, ग्रिडवरून, म्हणजे कॉम्प्युटरनं आखलेल्या ठोक्यांच्या रेघेवरून, एक केसभर मागं सरकवतोस कारण बरोब्बर ठोक्यावर ते मेल्यासारखं वाटतं. हे काम वेगळं कुठंय?

मशीन आलं म्हणून कला गेली, हे रडगाणं लई जुनं आहे. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर नावाच्या माणसानं रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले, त्याचे तुकडे मागं-पुढं करून जोडले आणि हे संगीत आहे म्हणून रेडिओवर लावलं. आपल्याकडं अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ ला मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आला होता, तिथं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ चालू झाला होता, म्हणजे हे काय परवा परदेशातून आलेलं फॅड नाहीये.

आणि बाबांना चरणजित सिंगांची गोष्ट सांगच. मुंबईचा सिनेमातला वादक माणूस. त्यांच्याकडं रोलंड कंपनीची टीबी-३०३ नावाची एक चपटी चंदेरी डबी होती. कंपनीनं ती काढली होती कशासाठी, तर गिटारवाल्याला एकट्यानं सराव करताना मागं बेस वाजवणारा मिळावा म्हणून. आता त्या डबीचा आवाज काही खऱ्या बेस गिटारसारखा नव्हता, चिरका आणि घसरता, म्हणून ती फार काही विकलीच गेली नाही आणि १९८४ मध्ये बंद झाली. पण तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. चरणजित सिंगांनी त्या घसरण्यात मींड ऐकली. १९८२ साली त्यांनी यमन, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग ती डबी आणि एक सिंथेसायझर घेऊन बसवून, खाली ८०८ या रोलंडच्याच ठेका वाजवणाऱ्या मशीनचा डिस्को ठेका टाकून रेकॉर्ड काढली. चालली नाही. पुढं शिकागोच्या पोरांना सेकंडहँडमध्ये तीच ३०३ स्वस्तात मिळाली, त्यांनी वाजता वाजता तिची बटणं पिळली आणि १९८७ पर्यंत ॲसिड हाउस नावाचा नाचायच्या संगीताचा अख्खा प्रकार उभा राहिला. सिंगांची रेकॉर्ड २०१० ला परत निघाली तेव्हा जग म्हणलं, अरे, हा माणूस आपल्या आधीच इथं येऊन गेलाय की. डबी तीच होती, गिऱ्हाइकाच्या कानाला जे खोटं वाटलं ते यांच्या कानाला कामाचं वाटलं.

एआयचं म्हणशील तर तिथं अडचण अशी आहे की नको म्हणायला जागाच कमी. एक ओळ लिहायची, दोन गाणी येतात, त्यातलं एक ठेवायचं. निवड झाली का? झाली की. पण दोनातलं एक उचलणं आणि एकेका आवाजाशी रात्रभर भांडणं यात फरक आहे, आणि तो ऐकणाऱ्याला आज नाही कळला तरी करणाऱ्याला नक्की कळतो. उद्या एखादा माणूस एआयच्याच आवाजांचे तुकडे करून, पिळून, उलटे करून काहीतरी वेगळं काढंल, शिकागोच्या पोरांसारखंच, आणि त्याला मी बिनधास्त कलाकार म्हणीन. नुसतं "सॅड लोफाय बीट बनव" टाइप करणाऱ्याला नाही म्हणणार, त्याला ग्राहक म्हणीन.

एक कर. बाबांचा पखवाज रेकॉर्ड कर, कॉम्प्युटरनं प्रत्येक ठोका ग्रिडवर चिकटव, क्वांटाइझ म्हणतात ते, आणि त्यांना ऐकव. ते तिसऱ्या आवर्तनाला म्हणतील, हे काय केलंस, जीव गेला ह्याचा. मग ग्रिड काढ आणि त्यांना शेजारी बसवून दोघांनी मिळून ठोके परत लावा. त्यांना हेडफोन दे म्हणजे झालं, पुढचं भांडण वेगळ्या लेव्हलचं होईल.

अंबाजोगाई : मी पेटी आणि गाणं शिकवते. क्लासची मुलं मोबाईलवर एआयनं गाणं बनवून आणतात, "मॅडम, मी केलं" म्हणतात. शाबासकी द्यावी की रागवावं?

मॅडम, रागवायच्या आधी तुमच्या पेटीचंच उदाहरण घ्या. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणे हे परदेशी यंत्र, सूर आधीच ठरलेले, दोन सुरांच्या मधलं काही निघत नाही. आक्षेप खोटा नव्हता, मींड पेटीवर निघत नाहीच. पण तरी आपल्या पेटीवाल्यांनी त्याच पट्ट्यांवर हाताच्या चलाखीनं काय काय काढून दाखवलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मुलांनी आणलेल्या गाण्याचं काय करायचं यासाठी मात्र आपल्याच माणसाकडं जाऊ. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून आलेले, हा स्वतः दरबारी हिशेबाच्या खात्याचा मोठा अधिकारी, आणि लिहिला कोणता ग्रंथ तर संगीतरत्नाकर! त्यात त्यानं गायकांचे पाच प्रकार सांगितलेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. चांगलं शिकवू शकतो तो शिक्षाकार, दुसऱ्याची ढब हुबेहूब उचलतो तो अनुकार, गाता गाता स्वतःच रसात बुडतो तो रसिक, समोरच्यांना खूश करतो तो रंजक, गाण्यात भाव आणतो तो भावक. आठशे वर्षांपूर्वी, घृष्णेश्वराच्या वाटेवर, नक्कल करणाऱ्याला यादीत जागा देऊन ठेवलीय बघा. हाकलून नाही दिलं. एआयला आज त्या यादीत बसवायचं तर अनुकार, आणि बऱ्यापैकी रंजक. बाकीच्या तीन खुर्च्या रिकाम्याच राहतात.

गाणी रचणाऱ्यांची पण त्यानं अशीच प्रतवारी लावलीय. शब्द आणि चाल दोन्ही स्वतःचं करतो तो वरचा वाग्गेयकार, आणि दुसऱ्याच्या चालीवर नुसते आपले शब्द बसवतो त्याला कुट्टिकार म्हणलंय. तुमचे विद्यार्थी शब्द स्वतः लिहीत असतील तर सध्या कुट्टिकार आहेत, शब्दपण मशीनचे असतील तर मग ते श्रोते आहेत. म्हणून शाबासकी पण नको नि राग पण नको. आणलंय ना गाणं, मग ये, पेटीवर वाजवून दाखव म्हणा. कोणत्या रागाच्या जवळ जातंय ते सांग, ही ओळ तीव्र मध्यम लावून म्हण, समेवर येण्याआधी तिहाई घाल. ज्याला हे करावंसं वाटंल त्याचा पुढचा क्लास घ्या. ज्याला नाही वाटणार तो तसापण फीच्या पावतीपुरताच येत असतोय.

लातूर : माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. क्लासेसच्या जाहिराती, बियाणं-खताच्या जिंगल, इलेक्शनची प्रचारगीतं, नेत्यांच्या वाढदिवसाची गाणी यावर घर चालतं. सगळं संगीत कीबोर्ड आणि कॉम्प्युटरवरच करतो. आता क्लासवाल्यांची पोरंच पाच मिनिटात एआयवर जिंगल करायलीत. इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्यांचं पुढं काय?

खोटी आशा दाखवत नाही. तुम्ही मोजलेल्या चार कामांपैकी वाढदिवसाचं गाणं आणि क्लासची जिंगल गेली समजा, आणि ती परत येणार नाही. क्लासवाल्याला गाणं नको होतं कधीच, त्याला फोन नंबर लक्षात राहायला हवा होता.

इलेक्ट्रॉनिकवाल्यांना पहिला फटका का बसतोय ते बघा. तबलजी किंवा सनईवाला समोर बसून वाजवतो, लोक त्याला बघायलापण येतात. तुमचं काम आधीपासूनच कॉम्प्युटरमध्ये, ठेका लूपवर, आवाज तयार साठ्यातले, करणारा माणूस कोणाला दिसतच नाही, त्यामुळं तो बदलला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. ही एआय मॉडेलं चालतात कशी, तर ढिगानं रेकॉर्डिंग ऐकवून त्यांना शिकवलेलं असतं की अशा शब्दांना, अशा ठेक्याला, पुढं साधारण असा आवाज येतो. म्हणून ती सगळ्यात सफाईनं काय करतात, तर जे आधीच लाखो वेळा झालंय ते. ज्याच्या कामाची ओळख "एकदम रेडिओवर लागतं तसं" अशी होती त्याची पंचाईत. आणि गाण्यांचा पूर पण तसाच आलाय. डीझर या गाणी ऐकायच्या फ्रेंच ॲपनं एप्रिल २०२५ ला सांगितलं की त्यांच्याकडं रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्णपणे एआयची आहेत. स्पॉटिफायनं त्याच वर्षी सांगितलं की बारा महिन्यांत साडेसात कोटी फालतू ट्रॅक काढून टाकले. काढलेले साडेसात कोटी, राहिलेले वेगळेच!

ही मॉडेलं ज्यांच्या गाण्यांवर शिकली त्यांना विचारलं होतं का, हा वाद चालूच आहे. सुनो आणि उडियो या एआयनं गाणी बनवून देणाऱ्या दोन कंपन्यांवर जून २०२४ मध्ये सोनी, युनिव्हर्सल, वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेत केस टाकल्या, आणि २०२५ संपता संपता युनिव्हर्सलनं उडियोशी आणि वॉर्नरनं दोघांशी तडजोड करून करारपण केले. मोठ्यांचं मोठ्यांशी जमतंच हो. लातूरच्या स्टुडिओवाल्याला त्यातून चेक यायचा नाही.

पण एक गंमत करून बघितली ती सांगतो. असल्याच एका ॲपला मी म्हणलं, संबळावर गोंधळाचं गाणं दे, तुळजाभवानीचं. आलं काय? ढोल-ताशा, त्यावर सिनेमात देवीची एंट्री होते तसला कोरस, मधेच बासरी. संबळ नावालापण नाही. परत सांगितलं, फक्त संबळ आणि तुणतुणं, तर ढोल थोडा बारीक झाला. असं होणारच, कारण संबळाची चांगली रेकॉर्डिंगंच कमी आहेत, आणि जे ऐकलं नाही ते मशीन कुठून आणणार. गोंधळात सुरुवातीची लय आणि "उदे गं अंबे उदे"पर्यंत चढलेली लय यात जमीन-अस्मानाचा फरक असतोय, ती लय संबळवाला समोरच्या अंगात आलेल्या बाईकडं बघून चढवतो, कोणत्या मीटरवर नाही. तुमच्या स्टुडिओपासून तासाभराच्या आत अशी किती माणसं आहेत विचार करा. चांगले माइक तुमच्याकडं आहेत, खोली तुमच्याकडं आहे, सिंथ तुमच्याकडं आहे. गोंधळी, हलगीवाले, भारूड म्हणणाऱ्या बाया यांना पैसे देऊन बोलवा, रेकॉर्ड करा, त्याच्यावर तुमचं इलेक्ट्रॉनिक चढवा. जिंगलएवढे पैसे लगेच सुटतील का? नाही सुटणार, मी काय सांगू. प्रचारगीतं मात्र अजून काही वर्षं राहतील असं मला वाटतं, कारण उमेदवाराला सोमवारी एक चाल आवडते, मंगळवारी पुतण्याला दुसरी, आणि रात्री अकराला येऊन तुमच्या सोफ्यावर बसून भांडायला त्यांना माणूसच लागतोय.

धाराशिव : बापलेकीवरचं एक गाणं ऐकून मी ढसाढसा रडले. नंतर मुलगी म्हणाली, मम्मी ते एआयचं आहे. मला लई ओशाळल्यासारखं झालं. मी मूर्ख ठरले का?

अजिबात नाही ताई. लेक तुमची, बाप तुमचा, आठवणी तुमच्या, गाण्यानं फक्त दार वाजवलं. आणि फसायचं म्हणाल तर जाणकारपण फसतात. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात १९९७ ला तीन तुकडे वाजवले होते, एक खरा बाखचा, एक तिथल्या प्राध्यापकानं बाखच्या शैलीत लिहिलेला, एक डेव्हिड कोपच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा. हॉलमधल्या लोकांनी कॉम्प्युटरच्या तुकड्याला बाख ठरवलं आणि बिचाऱ्या प्राध्यापकाला कॉम्प्युटर! तुम्ही एकट्या नाही.

फक्त रडू आलं म्हणून ती कला झाली असंपण नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्यानं ते गाणं परत लावून बघा आणि त्यात नवीन काही सापडतंय का ते तुमचं तुम्हीच ठरवा.

नांदेड : वडील भजनं म्हणायचे, वारले. घरात त्यांच्या जुन्या कॅसेट आहेत. भाऊ म्हणतो एआयनं त्यांच्या आवाजात नवीन अभंग करून वर्षश्राद्धाला लावू. आईला ते नको वाटायलंय.

आई नको म्हणायल्यात ना, मग नको. याच्यावर चर्चा कशाला. ए. आर. रहमाननं २०२४ ला एका तमिळ सिनेमात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले तेव्हा आधी घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला. तुमच्याकडं घरच्या म्हणजे आईच.

पण एआयचा एक उपयोग आहे जो आईंनापण आवडंल. बीटल्स या इंग्लंडच्या बँडचं २०२३ ला निघालेलं गाणं असंच झालं, त्यांच्यातल्या दिवंगत जॉन लेननचा आवाज १९७० च्या दशकातल्या एका घरगुती कॅसेटवर पियानोत बुडालेला होता, तो मशीन लर्निंगनं वेगळा काढला. आवाज त्याचाच, फक्त वरचा कचरा बाजूला. तुमच्या कॅसेटीत पेटी-टाळाखाली वडिलांचा आवाज दबला असंल तर तो असा वर आणता येतो, स्टेम सेपरेशन म्हणा कोणत्यापण स्टुडिओवाल्याला. फक्त घाई करू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नका, आधी साफ करून घ्या. टेपचं हेड पुसा. आधी जशी आहे तशी पूर्ण डब्ल्यूएव्ही फाइल करून दोन ठिकाणी ठेवा, एमपीथ्री नाही, आणि सगळे प्रयोग तिच्या कॉपीवर करा. मधे खोकला, "चहा ठेव गं" असलं काही निघालं तर कापू नका, आईंना विचारा.

परभणी : आमच्या घरात गोंधळाची परंपरा आहे. कोणीतरी येऊन आमचं संबळ रेकॉर्ड करून नेलं, आता तेच एका सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे गाण्यात वापरायला तयार आवाजांच्या संचात, विकायलेत, आमचं नावपण नाही. पोरगं म्हणतंय उद्या हे एआयला शिकवायलापण देतील. आपण काय करू शकतो?

दादा, गोंधळाची पारंपरिक गाणी कोणा एकाची नाहीत, त्यावर हक्क सांगता येत नाही. पण तुम्ही ते वाजवलंत, ते वाजवणं तुमचं आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८, कलावंताचा हक्क. ज्या वर्षी वाजवलं त्याच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षं. तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं, त्याच्या प्रती काढणं, विकणं यावर तुमचा अधिकार चालतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं कलावंत म्हणून आपलं नाव लावून घ्यायचा हक्कपण मिळालाय, तो ३८-ख मध्ये आहे. "आम्ही हो म्हणलं होतं" असं तो म्हणंल, म्हणून हो कशाला म्हणलं होतं ते महत्त्वाचं. घरी ऐकायला म्हणून नेलं आणि विकायला काढलं यात फरक आहे. त्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज, फोटो, कोण कोण हजर होतं, हे गोळा करा.

एआयच्या बाबतीत कोर्टं आत्ता कुठं बोलायला लागलीत. अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये मनाई केली, त्याच कोर्टाचं खंडपीठ आपल्या संभाजीनगरला आहे. तो मोठा गायक, हे खरं, आणि तो आदेश गळ्याचा आहे, संबळाच्या काडीचा नाही. पण वकिलाला दाखवायला एक कागद झाला.

आणि इथून पुढं तुमचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः करून ठेवा. दोन्ही काड्यांचा, सरळ टोकाच्या आणि वाकड्या टोकाच्या, आवाज वेगळा यावा म्हणून दोन माइक लावा, सुरुवातीला नाव-गाव-तारीख तोंडानं बोला. बाहेरचा कोणी आला तर साध्या कागदावर चार ओळी लिहून सही घ्या : कशासाठी, किती पैसे, नाव कुठं छापणार, आणि एआय शिकवायला वापरायचं नाही. वरचे लातूरवाले आले तर त्यांच्याकडूनपण घ्या. त्या पॅक विकणाऱ्याला पाठवायचा मेल लिहून हवा असंल तर रेकॉर्डिंग कधी नि कुठं झालं तेवढं कळवा, मसुदा पाठवतो.